एका नावाच्या आम्ही

माझी नात ऋतुजा लातूरला कॉलेजात शिकते. परवा सुट्टीला आली तेव्हा मी ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसले होते आणि ती शेजारी मोबाईलमध्ये डोकं खुपसून. मध्येच म्हणाली, "आज्जी, ऐक गं. ग्रीक लोकांच्या पुराणात क्रेउसा नावाच्या चार बायका आहेत. चौघी वेगळ्या. परीक्षेला विचारतात आणि माझा सगळा घोळ होतो." मी म्हटलं, सांग की मला, सांगता सांगता तुझं पाठ होईल. मग तिनं सांगितलं. पहिली पाण्यातली देवता, नदीलाच दिलेली. दुसरी राजाची लेक, देवानं फसवलेली, तिनं आपलं तान्हं बाळ गुहेत ठेवून दिलं. तिसरी नवी नवरी. नवऱ्याची पहिली बायको जिवंतच होती, तिनं आहेर म्हणून भरजरी पोशाख पाठवला. पोरीनं हौसेनं अंगावर घातला आणि उभ्या जागी पेटली. आणि चौथी? तिच्या शहराला आग लागली होती. नवऱ्यानं म्हाताऱ्या बापाला पाठुंगळी घेतलं, लेकराचं बोट धरलं आणि बायकोला म्हणाला, तू मागून ये. वेशीबाहेर जाऊन त्यानं वळून बघितलं, तर मागं कुणीच नव्हतं.

माझ्या हातातलं सूप थांबलं. "पुढं?" मी विचारलं. ऋतुजा म्हणाली, "पुढं काय? तो गेला लांब, नवं राज्य वसवलं, दुसरं लग्न केलं. गोष्ट त्याची आहे ना आज्जी. ह्या चौघी अशाच, कुणाच्या तरी गोष्टीत दोन ओळींपुरत्या येतात आणि जातात." आणि हसून म्हणाली, "चौघींना एकच नाव! त्या लोकांकडं नावांचा दुष्काळ होता का गं?" मी पुन्हा पाखडायला लागले. नावांचा दुष्काळ कसा पडतो ते मला विचार म्हणावं. ऋतुजाला तिच्या आईच्या आईचं फक्त नाव ठाऊक आहे. ते नाव आणि माझं नाव एकच आहे हेही ठाऊक आहे. पण का आणि कसं, ते तिला कुणी सांगितलं नाही. तिच्या आईलाही मी अर्धंच सांगितलंय. म्हणून हे आता लिहून काढते. मी शाळेत गेलेली नाही, लिहिण्यात इकडचं तिकडं होईल, तेवढं सांभाळून घ्या.

माझं माहेर बेंबळीकडं. एका अंगणात दोन चुली होत्या. एक थोरल्या चुलत्यांची, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आणि एक आमची. वडलांना आबा म्हणायचो. आमची आजी सोजरबाई, ती मी जन्मायच्या आधीच गेली. आजी गेली त्या सालीच तात्यांना मुलगी झाली. गेलेल्या माणसाचं नाव घरात राहावं म्हणून त्यांनी तिचं नाव सोजर ठेवलं. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. पण पुढं मी झाले तेव्हा आबांनी बारशात सगळ्यांसमोर सांगितलं, हिचं नाव सोजर. तात्या म्हणाले, "अरे येड्या, घरात हाय की एक सोजर." आबा म्हणाले, "आई काय एकल्या तुमचीच व्हती व्हय?" एवढ्यावर दोघं भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत, असं माय सांगायची. एका आईची वाटणी होत नाही, म्हणून दोघांनी तिचं अख्खं अख्खं नाव घेतलं आणि ते आम्हा दोघींच्या गळ्यात बांधलं.

नुसतं 'सोजर' म्हटलं की ती थोरली असायची. मी धाकली. गावात मला कुणी सोजर म्हणायचंच नाही. "ए धाकले, भाकरी नेऊन दे", "धाकले, वासरू सुटलं बघ". मी थोरलीला आक्का म्हणायची. तात्यांच्या बायकोला मोठी माय. ती दारात उभी राहून लांबट सुरात हाक मारायची, "सोऽऽजर", आणि आम्ही दोघी परसातून एकदम 'ओ' द्यायचो. मग ती कपाळावर हात मारायची, "आगं एकीनं तर गप बसा!" गप बसायची ती मी. मला त्याचा राग यायचा, पण आक्काचा राग यायचा नाही. ती तशी होतीच. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं शिजवलं की पहिलं वाटीभर मला आणून द्यायची, तिच्या पुढच्या दातांत फट होती त्यातून शीळ घालून मला बोलवायची. मला नाव नव्हतं तर तिनं माझ्यासाठी शीळ ठेवली होती.

आक्काला दिली तेरखेड्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर. त्या भागात फटाक्याचं काम घरोघर चालतं. दारू भरायचं काम लांब, रानातल्या छपरात. पण कागदाच्या पुंगळ्या बाया घरातच वळायच्या. मैद्याची खळ शिजवायची, तिला तो कोमट आंबूस वास, आणि लोखंडी सळईवर कागद गुंडाळत जायचं. सर्र सर्र असा एक आवाज वस्तीभर चालू असायचा. आक्का पंचमीला माहेरी यायची तेव्हाही एक गठ्ठा रद्दी बांधून आणायची, हात रिकामा ठेवायची तिला सवय राहिली नव्हती. मग दुपारी लिंबाच्या सावलीत आम्ही दोघी पुंगळ्या वळत बसायचो. पुढ्यात ज्वारीच्या लाह्या आणि गूळ. आक्का चौथीपर्यंत शिकलेली. त्या रद्दीवर बोट ठेवून तिनं मला अक्षरं शिकवली. 'क' बघ, 'म' बघ, आता हे जोड. वर्तमानपत्रं, शाळेची जुनी पुस्तकं, कुणाच्या तरी लग्नपत्रिका. मी वाचायला शिकले ती अशी, आणि म्हणून मला आयुष्यात एकही गोष्ट पुरी माहीत नाही. सुरुवात एका पुंगळीत, मधला भाग हातात, आणि शेवट दिवाळीत कुणाच्या तरी अंगणात फुटून गेलेला.

अशाच एका कागदावर मला 'कुसुम' हे नाव सापडलं. मी आक्काला म्हटलं, माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर हे नाव लिहायला सांगीन. आमच्यात नवरीचं नाव बदलतात, नवरा अंगठीनं तांदळात नवं नाव काढतो. त्याचीच मी वाट बघत होते. नवरा कसा, घर कसं, शेत किती, याचं मला काही नव्हतं. मला माझं एकटीचं नाव पाहिजे होतं, कुणाचं उरलेलं नको होतं. आक्का खळीनं भरलेली बोटं वर धरून हसली. "घे की बया. मला न्हाय बदलून दिलं. आमच्या सासूबाई म्हनल्या, हाय त्ये ब्येस हाय. तुला मिळू दे." मग तिनं शीळ घातली आणि म्हणाली, "कुसुमबाई, ते कागद सरकवा हिकडं."

त्या वेळी आक्काची छबू तीन-चार वर्षांची असेल. छबू म्हणजे ऋतुजाची आई. आक्काचे सासरे पायानं अधू, त्यांना उचलूनच न्यावं लागायचं. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, अंगानं थोराड पण बोलायला कमी. आक्काला न्यायला आले की ओसरीच्या कडेला बसायचे, चहा प्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "निघायचं का?" मग ते पुढं, त्यांच्या मागं बऱ्याच अंतरावर आक्का, डोक्यावर गठुडं. आमच्याकडं बाईमाणूस बरोबरीनं चालत नाही. बरोबरीनं चाललं तर लोक हसतात. नवऱ्याच्या पाठीकडं बघत चालायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, मलाही नाही.

तो दिवस उन्हाळ्याचा. मी रानातून जळणाची मोळी घेऊन येत होते. पारापाशी बाया जमलेल्या दिसल्या. मला बघून एक म्हातारी किंचाळली आणि खालीच बसली. मी मोळी टाकली. कुणी माझ्या हाताला हात लावून बघितलं. "आगं, तू हायस?" मी म्हटलं, मला काय झालंय? गावात सायकलवरून एक माणूस आला होता आणि पारावर नुसतं एवढंच सांगून पुढं तात्यांना गाठायला शेताकडं गेला होता: सोजर गेली. कुठली, कुठं, काही नाही. आक्का नांदायला गेलेली, गावात सोजर म्हणून उरले होते ती मीच, आणि मी रानात होते. पारावरून ते आमच्या अंगणात गेलं होतं. मी पळत घरी गेले, तर अंगणात माय जमिनीवर लोळत होती आणि मोठी माय तिला धरून बसली होती, तिच्या तोंडावर पाणी मारत होती, म्हणत होती, "गप गं, गप. देवाला दया न्हाय."

मी दारात उभी राहिले. मायनं मला बघितलं. ती उठली ती तशीच धावली, मला छातीशी धरलं आणि ओरडली, "हाय! माझी हाय! माझी सोजर हाय!" हसत होती, रडत होती, माझं तोंड चाचपत होती. आणि तिच्या खांद्यावरून मला मोठी माय दिसत होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच होता. माझ्या मायच्या त्या आनंदातून तिला कळत गेलं. कुणी सांगावं लागलं नाही. तांब्या कलंडला, पाणी सांडत राहिलं, आणि ती अगदी हळू, विचारल्यासारखं म्हणाली, "मग माझी?" माय एकदम थिजली. तिनं मला सोडलंही नाही आणि धरलंही नाही. आयुष्यात मी लई काही बघितलं, पण जिवंत असल्याची लाज मला तेवढी एकदाच वाटली.

काय झालं ते मागाहून कळलं, तेही तुकड्या तुकड्यानं. रानातल्या छपरात ठिणगी पडली. कशी, ते कुणाला माहीत नाही. वारं सुटलेलं, कडब्याच्या गंजी वाळून कोळ झालेल्या, आग बघता बघता वस्तीत आली. घरात पुंगळ्यांचा ढीग, सगळा कागदच. तिच्या सासूबाई शेतात होत्या. दाजींनी बापाला पाठीवर घेतलं, छबूचं बोट धरलं आणि आक्काला म्हणाले, "मागनं ये." ती मागून निघाली. एवढं त्यांनी ऐकलं, तिच्या जोडव्यांचा आवाज. ओढ्याच्या पलीकडं जाऊन बापाला उतरवलं, वळून बघितलं. ती मागं का थांबली, पडली का, धुरात वाट चुकली का, काही आणायला वळली का, हे आजतागायत कुणाला माहीत नाही. लोकांनी शंभर गोष्टी केल्या. शेळीसाठी गेली म्हणाले, मंगळसूत्रासाठी म्हणाले. दाजी परत आत शिरत होते, चौघांनी धरून ठेवलं. बापानं त्यांच्या हाताला घेतलेल्या चाव्याचा वण पुढं कित्येक वर्षं मी बघितला. म्हाताऱ्यानं लेकाला आगीत जाऊ दिलं नाही, दातांनी धरलं.

महिना उलटला आणि तात्या आमच्या चुलीपाशी येऊन बसले. बारशापासून त्यांनी आबांकडं कधी काही मागितलं नव्हतं. बराच वेळ काटकीनं राख उकरत राहिले. मग म्हणाले, "लेकरू रात्रंदिस सोजर सोजर करतंय. आई म्हनत न्हाय, तिची आजी जशी हाक मारायची तशी सोजरच म्हनतंय. दुसरी कुनी परकी आली तर त्या लेकराचं काय व्हईल?" आबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. तात्या म्हणाले, "नाव आईचं हाय. दोघांनी घेतलं. माझी गेली. तुझी सोजर दे." आबांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. नाही म्हणायला त्यांच्याकडं तोंड नव्हतं आणि हो म्हणायला आवाज नव्हता. पण आमच्याकडं गप बसलेल्या माणसाचा होकार धरतात.

मी मायला परसात गाठलं. माझं लग्नाचं वय टळत चाललंय म्हणून बाया टोमणे मारायच्या, तेव्हा नकळती काही नव्हते. "मला इचारलं का कुणी?" मी म्हटलं. माय भांडी घासत होती. म्हणाली, "मला तरी कुणी इचारलं व्हतं?" आणि राखेचा हात तसाच माझ्या डोक्यावरून फिरवला. मोठ्या मायनं मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावलं, तिच्या पोरीला लावायची तसं, लई वेळ, आणि वेणी घालून झाली तरी उठू दिलं नाही. तिला मी जायला पाहिजे होते आणि नकोही होते. सगळ्यांचंच तसं होतं. वाईट असं त्या घरात कुणीच नव्हतं, म्हणून तर भांडायचं कुणाशी तेच मला कळेना.

लग्न दारातच झालं, बँड नाही, वाजंत्री नाही. आक्काचं एक हिरवं इरकल लुगडं पंचमीपासून माहेरीच राहिलं होतं, आगीतून वाचलेलं तेवढंच. सासूबाई म्हणाल्या, तेच नेसव. ऋतुजानं परवा त्या पेटलेल्या नवरीचं सांगितलं तेव्हा मला ते इरकल आठवलं. अंगावर घेताना मी डोळे मिटले होते. मेलेली सवत राग धरते म्हणतात, दुसरीला सुखानं नांदू देत नाही. पण ती सवत कुठं, ती माझी आक्का होती, पदराला तिच्या खळीचा वाळलेला डाग होता. मला काही झालं नाही. मग चांदीच्या पत्र्यावर तिची मूर्ती काढलेला टाक काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातला. दुसरेपणाच्या बाईनं तो घालायचाच असतो, म्हणजे पहिलीचा मान राहतो.

तांदळाचं ताट पुढं आलं. दाजी अंगठी हातात धरून बसले. भटजींनी विचारलं, "नाव काय ठेवायचं?" माझ्या ओठावर कुसुम होतं. नवरीनं बोलायचं नसतं, पण मी बोलणार होते, खरंच बोलणार होते. एवढ्यात सासूबाईंच्या कडेवरून छबूनं माझ्याकडं, त्या हिरव्या लुगड्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "सोजर आली." सासूबाईंना हुंदका फुटला. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "हाय त्येच ऱ्हाऊ द्या." दाजींनी तांदळात ते नाव दुसऱ्यांदा काढलं. शेवटचं अक्षर काढताना अंगठी घसरली आणि ते मोडलं. मी ते मोडलेलं अक्षर बघत राहिले आणि कुसुम गिळून टाकलं.

मग आम्ही एसटी धरायला निघालो. मी रीतीप्रमाणं मागं थांबले, ते पुढं होतील म्हणून. ते हलेनात. मला वाटलं चप्पल तुटली. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू पुढं हो." मला काही उमजेना. दारातल्या बाया पदर तोंडाला लावून खुदखुदल्या, एक जण म्हणाली, "आत्तापासूनच बायकूच्या मागं व्हय जावईबापू!" ते तसेच उभे. "पुढं हो," पुन्हा म्हणाले, आणि या वेळी आवाज फाटला. मोठ्या मायनं ते ऐकलं आणि ती आत निघून गेली. मी पुढं झाले. छबू माझ्या बोटाला. पाठीमागं त्यांच्या वहाणांचा आवाज, करकर करकर, स्टँडपर्यंत.

तो आवाज मग आयुष्यभर माझ्या पाठीमागं राहिला. रानात जाताना, कळंबच्या बाजाराला जाताना, लग्नाकार्याला. लोक हसून हसून थकले. नवीन पोरी म्हणतात, आज्जी, काय प्रेम होतं तुमच्या माणसाचं! असेल. माणूस चांगला होता. दाजी म्हणायची माझ्या जिभेची सवय मोडायला वर्ष गेलं, तेवढं वर्ष त्यांनी मला कशालाच बळजबरी केली नाही. पण मला माहीत होतं, मी पुढं चालत होते ती कुणाच्या जागी. ते ज्या बाईला मागं वळून शोधत होते तिला त्यांनी आता नजरेपुढं ठेवलं होतं. त्यांनी मला नावानं हाक कधी मारली नाही. पुढं हो, एवढंच. आणि चालताना त्यांचं तोंड कसं दिसायचं ते मी कधी बघितलं नाही.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पितरपाटात नवमीला पान वाढतात. आमच्या सासूबाईंची रीत अशी की छपरावर पान ठेवून तिला नावानं हाक मारायची. पहिल्या नवमीला त्यांनी पान माझ्या हातात दिलं. "हाक तू मार. तुझ्या हातचं खाईल ती. आन् ध्यानात ठिव, मेलेल्याला मारलेल्या हाकंला जित्यानं ओ द्यायची नसती." मी शिडीवर चढले, भात, कढी, येसर आमटी, पुरण, आणि वाटीभर माडगं, ते मी माझ्या मनानं केलेलं. हाक मारली, "सोजर, ये गं जेवायला." आणि माझ्या घशात 'ओ' आली. लहानपणापासूनची सवय. मी पदर दातात धरला. तेव्हापासून दर नवमीला एका हातानं पान ठेवते आणि दुसऱ्या हातानं पदर तोंडात कोंबते. स्वतःच्याच नावानं मेलेल्या बाईला जेवायला बोलवायचं आणि आपण गप बसायचं. एकीनं तर गप बसा, म्हणायची मोठी माय.

आमचे हे जाऊन आता वर्ष झालं. नवरा गेला की नवमीचं पान बंद करतात. शेजारच्या बायांनी सांगितलंही, आता तुम्ही सुटलात. पण आक्काला उपाशी कशी ठेवू? यंदाच्या नवमीला, ह्याच सुट्टीत, ऋतुजा घरीच होती. शिडी आता मला होत नाही, तिनंच पान वर ठेवलं, मी खाली अंगणात उभी. माडग्याची वाटी कलंडली होती ती तिनं नीट केली. हात जोडले. मी हाक मारली. "सोजर, ये गं जेवायला." अंगण अगदी शांत होतं. मागं वहाणा वाजत नव्हत्या. मला त्या चौघी आठवल्या, कुणाच्या तरी गोष्टीत दोन ओळींपुरत्या आलेल्या. त्यांना कुणी पान वाढत असेल का, आणि हाक मारली तर चौघींतली कोणती येत असेल. त्या नादात मी पदर धरायचा विसरले. "ओ," मी म्हटलं. मोठ्यानं.

ऋतुजा शिडीवरून खाली वाकली. "आज्जी, कोण बोललं?"

"सोजर," मी म्हटलं.